एकट्याचा बिल्ला

१ जानेवारी, गुरुवार

यंदाचा संकल्प एकच, पण तगडा. शहराच्या मागचा डोंगर चढायचा. भर थंडीत, एका दिवसात वर आणि खाली. इच्छुकांना सोबत नेण्यात येईल.

उभी हयात लिफ्टच्या कंपनीत गेली. तक्रारींच्या टेबलावर बसतो. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा फोन आला की आपण म्हणायचं, घाबरू नका, माणूस निघालाय. माणूस बहुतेक वेळा तिथेच माझ्यासमोर चहा पीत असतो. पण त्या वाक्यानेच निम्मं काम होतं. समोरचा श्वास घ्यायला लागतो. हे कसब आहे, सगळ्यांना जमत नाही.

तर माझ्या टेबलाच्या खिडकीतून तो डोंगर दिसतो. इतकी वर्षं बघतोय. लोकांना वर न्यायचा धंदा आणि स्वतः कधी वर गेलो नाही. आता जायचं. बायको मे महिन्यात मुलीकडे गेली बाळंतपणाला, दोन महिन्यांसाठी. नात आता बसायला लागली. बायको अजून तिकडेच आहे. मीच सांगितलंय, काही घाई नाही. त्यामुळे मला वेळही भरपूर मिळतो.

३ जानेवारी, शनिवार

सराव सुरू. पहाटे उठून फिरायला जायचं होतं. गेलो नाही. थंडीत शरीराला झोप जास्त लागते, आणि मोहिमेच्या आधी शरीराचं ऐकावं.

संध्याकाळी जिना. आपलं घर तिसऱ्या मजल्यावर. पहिला मजला झकास. दुसऱ्यावर लेस सुटली. वाकून बांधली आणि वर बघतो तर लिफ्ट समोर उभी. तिच्या दाराचा आवाज जरा वेगळा वाटला. आमच्याच कंपनीची लिफ्ट, कानाडोळा करणं बरं दिसलं नसतं. तपासत तपासत तिसऱ्यापर्यंत गेलो. आवाज ठीक आहे.

४ जानेवारी, रविवार

मुलीचा व्हिडिओ कॉल. नात मला चांगलं ओळखते. फोन चाटला. बायको मागून येऊन जेवलात का म्हणाली आणि दुधाला उकळी आली म्हणून गेली. डोंगराचं सांगितलं. मुलगी म्हणाली, बाबा, छान. मग बराच वेळ पंखा दिसत होता. त्यांनी फोन कुठेतरी ठेवला असावा. मी पंख्याकडे बघत थोडा वेळ बोललो, मग ठेवला.

६ जानेवारी, मंगळवार

सोबतीची संधी आधी आमच्या मेकॅनिकला दिली. म्हटलं, अठरा तारखेला डोंगर. तो म्हणाला, साहेब, मी आठवडाभर लिफ्टच्या शाफ्टमध्ये चढ-उतर करतो, रविवारी मला जमिनीवर राहू द्या. तरुण वय आहे, पण हौस म्हणून नाही.

८ जानेवारी, गुरुवार

समोरच्या दारातल्या प्रोफेसरांना विचारलं. त्यांनी डोंगराची उंची, तिथला खडक, हवा असं सगळं अर्धा तास सांगितलं. इतकी माहिती असलेला माणूस नक्की येणार असं वाटलं. शेवटी म्हणाले, मला चक्कर येते.

अकाउंट्समधल्या ताईंच्या नवऱ्यालाही निरोप पाठवला. ते पूर्वी दर महिन्याला डोंगरावर जायचे. ताई म्हणाल्या, त्यांचं आता गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय. मग म्हणाल्या, एकटे जाऊ नका हो. मी म्हटलं, छे.

९ जानेवारी, शुक्रवार

खूप विचार करून निर्णय घेतला. एकट्याने जायचं. गर्दीत निसर्ग कळत नाही. कोणी सतत बोलत राहतं, कोणाला भूक लागते, कोणाचे फोटो काढावे लागतात. हा निर्णय सर्वस्वी माझा आहे.

११ जानेवारी, रविवार

खरेदी. बूट घेतले. दुकानदार म्हणाला, आधी आठवडाभर घरात घालून फिरा, नाहीतर चावतील. त्याला म्हटलं, मी काही नवखा नाही. शिट्टीही घेतली. हरवल्यास वाजवायची असते. दुकानात वाजवून बघितली तर सगळ्यांनी वळून पाहिलं. चांगली शिट्टी आहे.

आज कॉल आला नाही. त्यांच्याकडे पाहुणे असणार.

१४ जानेवारी, बुधवार

पुन्हा जिना. आज दुसऱ्या मजल्यावर थांबलो कारण तिथल्या बाई पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांना लिफ्टचं दार धरायला कोणीतरी हवं होतं. मग सभ्यपणा म्हणून मीही आत.

घरात बूट घालून फिरलो. हॉलमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून हॉल. खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन विचारलं, पाहुणे आलेत का. त्यांना आत बोलावलं, चहा विचारला. ते म्हणाले, नको, फक्त आवाजाचं सांगायला आलो होतो. माणसं सज्जन आहेत. बूट काढून ठेवले.

१७ जानेवारी, शनिवार

सगळी तयारी झाली. ब्रेड, उकडलेली अंडी, केळी, थर्मास. अंडी चार घेतली. वाटेत कोणी भेटलं तर.

घरच्या ग्रुपवर टाकलं: उद्या डोंगरावर एकटा जात आहे. काळजी करू नये. ग्रुपवर आम्ही चौघंच, मी, बायको, मुलगी, जावई. जावयांनी अंगठा टाकला. बाकी कोणीही काळजी केली नाही. म्हणजे सूचना तंतोतंत पाळली गेली.

१८ जानेवारी, रविवार. पहाटे.

गजराच्या आधी जाग आली. खरं म्हणजे झोप लागलीच नव्हती. उत्साह.

रेडिओ चालू ठेवून निघतोय. आत आवाज असला की चोर फसतात. हे मी रोज ऑफिसला जातानाही करतो. संध्याकाळी दार उघडलं की आत कोणीतरी बोलत असतं, तो भाग वेगळा.

सकाळी, डोंगराच्या पायथ्याशी.

गोठवणारी थंडी. गवतावर पांढरा थर. तोंडातून वाफ येते, ती बघत चाललं की वेळ जातो.

इथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. पायथ्याला चौकी आहे. तिथे कानटोपी घातलेला एक रखवालदार शेकोटीजवळ बसलेला. माझ्यापुढे कॉलेजच्या पोरांचा घोळका होता. त्यांना सगळ्यांना मिळून त्याने एक पितळी बिल्ला दिला. गोल, वर डोंगराचं चित्र कोरलेलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, एकटेच? मी म्हटलं, एकटाच. त्याने मला एक अख्खा बिल्ला दिला. घोळक्याला मिळून एक आणि मला एकट्याला एक! मी मागितलाही नव्हता. एकट्याने थंडीत निघणाऱ्याची इथे कदर आहे.

त्याने बराच वेळ काहीतरी सांगितलं. मी तेव्हा बुटांची निवड कशी केली ते सांगत होतो, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही. अभिनंदनच असणार. चेहरा मात्र गंभीर. काही लोकांना कौतुक हसून करता येत नाही.

बिल्ला स्वेटरला टाचला. चित्राची बाजू वर.

दहाच्या सुमारास.

टाच दुखते. दुकानदाराने वाईट चिंतलं होतं, दुसरं काय.

कॉलेजची पोरं पुढे निघून गेली. एक मुलगी मागे वळून म्हणाली, काका, येता का आमच्यासोबत? म्हटलं, नको, मला माझी लय आहे. ती बरं म्हणाली आणि गेली. एकदाच विचारलं तिने. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर गेलो असतो, मुलांचा हिरमोड कशाला करायचा.

दुपारी.

शिखर अगदी टप्प्यात आहे. म्हणजे धुकं नसतं तर दिसलं असतं. एका सपाट दगडावर बसलोय. इथून पुढे जाण्यात अर्थ नाही, वरूनही धुकंच दिसणार. शिखर शेवटी मनात असतं.

मधेच धुकं फाटलं आणि खाली शहर दिसलं. ऑफिसची इमारत पटकन सापडली. मग आपली बिल्डिंग शोधायला लागलो. पाण्याच्या टाकीवरून ओळखली. तिसरा मजला, कोपऱ्यातली गॅलरी. इथून काडेपेटीएवढी. आत रेडिओ चालू असेल. कोणीतरी बातम्या देत असेल आणि ऐकायला कोणी नाही. ते बघून का कोण जाणे खाता खाता थांबलो. अंडं कोरडं होतं.

फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. रेंज होती, गेला. फोन सायलेंटवर नाही ना ते दोनदा बघितलं. नाही. मी काळजी करू नये म्हटलं होतं, त्याप्रमाणे कोणीही फोन केला नाही.

अंडी दोन उरली. कोणी भेटलं नाही.

संध्याकाळ. डोंगराच्या पलीकडचा बसथांबा.

आलो त्या वाटेने उतरलो नाही. पलीकडच्या बाजूला एक मऊ, गवताची वाट दिसली आणि टाचेने कौल दिला. अनुभवी माणूस एकाच वाटेने दोनदा जात नाही. फार वेळ लागला. मधे तीनदा बसलो, त्यातलं एकदा ठरवून. इथे डांबरी रस्ता आहे, बस येईल असं एक दूधवाला सांगून गेला.

अंधार पडतोय. वर डोंगरावर दोन-तीन टॉर्च हलताहेत. कोणीतरी हाका मारतंय, पण नावाने नाही, आकड्याने! सदतीस! सदतीऽऽस! पुढे आणखी काहीतरी लांबलचक, ते वाऱ्यात विरलं. डोंगरावर येऊन पाढे म्हणतात लोक. शांतता म्हणून कुठे ठेवली नाही.

जरा लक्ष देऊन ऐकलं. फार जीव तोडून मारताहेत हाका. जो कोणी सदतीस असेल तो ओ देत नाहीये. काय माणसं असतात! आपल्यासाठी लोक थंडीत घसा फोडताहेत आणि हा पठ्ठ्या कुठेतरी पाय पसरून बसला असेल. नशीब लागतं अशा हाका मारणारे मिळायला, आणि ज्यांना मिळतात त्यांना किंमत नसते. मनात आलं, शिट्टी वाजवून त्यांना धीर द्यावा. पण दुसऱ्यांच्या भानगडीत पडू नये. बस आली.

घरी.

दार उघडलं तर आत माणसं बोलत होती. रेडिओ. तरीसुद्धा क्षणभर चप्पल शोधली दाराशी. तिची.

फोटोला जावयांचा अंगठा. स्वेटर न काढताच झोपतोय. बिल्ला राहू दे. आज तो हक्काने मिळवलाय.

१९ जानेवारी, सोमवार. ऑफिसात.

बिल्ला लावून आलो. भाव खायचा म्हणून नव्हे, स्वेटर तोच होता. मेकॅनिकच्या समोरून तीनदा गेलो. साहेबांच्या केबिनमध्ये उगाचच पेन मागायला गेलो. पेन मिळालं. कोणी विचारलं नाही. लोकांचं निरीक्षण फार कच्चं असतं.

लंगडतोय, तेही कोणी विचारलं नाही.

दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर.

काय लिहू.

अकाउंट्सच्या ताईंनी विचारलं. म्हणाल्या, अय्या, हा बिल्ला तुमच्याकडे कसा? मी बसून सगळं सांगितलं, घोळक्याला एक, मला एकट्याला एक. त्यांनी मधेच हात पुढे केला, बिल्ला काढून घेतला, उलटा केला. मग म्हणाल्या, अहो, हा परत द्यायचा असतो. आमचे हे दर वेळी द्यायचे. जाताना घ्यायचा, उतरलात की चौकीतल्या खिळ्याला अडकवायचा. संध्याकाळी खिळा रिकामा दिसला की ते लोक समजतात, माणूस वर राहिला. मग शोधायला निघतात. नाव-बिव विचारत नाहीत, आकड्यावर चालतं सगळं.

मी विचारलं, आकडा काय आहे. खरं तर विचारायची गरज नव्हती. त्यांनी वाचला. सदतीस.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. निघतोय.

त्याच दिवशी, संध्याकाळी. घरी.

सगळं लिहून ठेवतो, नाहीतर उद्यापर्यंत मी ते वेगळंच करून टाकीन.

टॅक्सीने गेलो. चौकीत कानटोपीवाला होता, आणि त्याचा जोडीदार, एक जाडा माणूस, गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसलेला. काल अंधारात घसरला. मला शोधताना. मी बिल्ला टेबलावर ठेवला. कानटोपीवाला बिल्ल्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग उठला आणि मला असं झापलं, असं झापलं की विचारू नका. कुठे तडमडला होतात? काही जनाची, मनाची? काल अंधार पडेपर्यंत तिघं फिरलो, आज उजाडल्यावर पुन्हा वर गेलो, प्रत्येक घळीत वाकून बघितलं, दर वेळी वाटायचं, आता काय दिसणार. आणि तुम्ही घरी जाऊन झोपलात! काल सकाळी एवढं बजावून सांगितलं, तर तुम्ही बुटांचं कौतुक सांगत होतात.

मी मान खाली घालून ऐकत होतो. चुकलं, चुकलं म्हणत होतो, आणि ते मनापासून म्हणत होतो, त्या जाड्याचा पाय बघवत नव्हता. पण एक गोष्ट इथे लिहितो, कारण इथे कोणी वाचणार नाही. मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. माझ्यावर इतकं जीव ओतून कोणी रागावलंय याला किती दिवस झाले. त्याचं संपत आलं तेव्हा मी मुद्दाम आणखी एकदा विचारलं, आज सकाळीसुद्धा गेला होता का? मग त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मग विचारलं, हाका काय मारत होता. म्हणाला, काय मारणार? सदतीस, घाबरू नका, आम्ही निघालोय.

माझंच वाक्य. आयुष्यभर टेबलावर बसून लोकांना ऐकवलं. काल पहिल्यांदा मला कोणीतरी म्हणत होतं आणि मी म्हटलं, पाढे म्हणताहेत.

तो शांत झाल्यावर चहा दिला त्याने. मी कालची दोन अंडी पिशवीत तशीच होती ती काढणार होतो, पण थांबलो. मग त्याने साधंच विचारलं. म्हणाला, संध्याकाळी कोणी परतलं नाही की घरचा फोन येतो चौकीला, पाटीवर नंबर आहे, बायका-मुलं शोधून काढतात कुठून तरी. काल रात्री फोनशी बसून राहिलो, आला नाही. आज सकाळीही नाही. तेव्हा म्हटलं, याच्या मागे कोणी नसणार, याला आपणच शोधलं पाहिजे.

मी म्हटलं, छे छे, घरी सगळे आहेत. बायको, मुलगी, जावई, नात. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. काळजी करू नका असं मीच सांगितलं होतं.

तो म्हणाला, बरं. जाडा बादलीतल्या पाण्याकडे बघत होता.

निघताना कानटोपीवाल्याने बिल्ला खिळ्याला अडकवला. ओळीने सगळे खिळे भरले. बरा दिसत होता तिथे. म्हणाला, पुन्हा या, पण एकटे नको. तुम्हाला एकट्याला मी सोडणार नाही. कोणीतरी सोबत आणा. मी म्हटलं, आणतो की, माणसांना काय तोटा.

घरी आलो. आज घाईत रेडिओ लावायचा राहिला होता. सकाळपासून बंद. कुलूप काढलं आणि दारातच उभा राहिलो जरा वेळ.

बायकोला फोन केला. म्हणाली, अहो, आज सोमवारी कसा काय? म्हटलं, असाच. कालचा फोटो बघितलास? म्हणाली, फोटो होय, आलाय ना, उघडायचा राहिला, बाळाने दिवसभर फोन हातात ठेवू दिला नाही. मग तिला हसत हसत सांगितलं की आता डोंगरावर मला एकट्याला सोडत नाहीत, सोबत माणूस लागतं, तर तुझा काय विचार. तीही हसली. म्हणाली, माझे गुडघे बघा आणि डोंगर बघा. मग म्हणाली, मार्चपासून मुलगी पुन्हा कामावर जाणार, बाळाला कोण बघणार, आता पुढच्या हिवाळ्यापर्यंत तरी निघणं होत नाही असं दिसतंय. जरा थांबली. म्हणाली, चालेल ना?

मी म्हटलं, चालेल की, काही घाई नाही.

तोंडात बसलेलं वाक्य आहे, आपोआप येतं. ती विचारून थांबली होती. ते आत्ता लिहिताना कळतंय.

घाई आहे. फार एकटं वाटतं इथे. हे तिला सांगायला हवं. आत्ताच लावतो फोन.

पण आत्ता नातीची झोपायची वेळ, रिंग वाजली की उठेल. उद्या सकाळी तिची अंघोळ असते. दुपारी मी टेबलावर, तिथे लोक अडकलेले असतात, घरचं बोलता येत नाही. बुधवारी करतो. बुधवारी नक्की. तोवर घाबरण्यासारखं काही नाही.